ताडपत्रीची फेरनिविदा

धाराशिव
४ ऑगस्ट

दादा,

फोनवर तुम्ही "व्हय", "न्हाय" आणि "बघू" याच्या पुढं जात नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदावर तुम्ही मोकळे होता हे मला ठाऊक आहे. मी बेंबळीला बारावीत असताना तुमची पत्रं यायची, जमाखर्चाचं गणित नेमकं कुठं चुकतं ते समजावणारी. मावसभावाची असली पत्रं कोण जपून ठेवतं म्हणून आई हसायची. त्या पत्रांवर मी पास झाले, पुढं गोदामांच्या महामंडळात लागले, आणि आता तुमच्याच टेबलावर येऊन बसले.

हे शेवटचं वाक्य लिहिणं अवघड गेलं. तुम्ही अकरा वर्षं निविदा कक्ष चालवलात. संगणकावरची निविदा नवी होती तेव्हा पुरवठादारांना डोंगल लावून डिजिटल सही कशी करायची हे तुम्ही शिकवलंत. आणि मुख्यालयानं यंदापासून जिल्ह्यांना गुण द्यायला सुरुवात काय केली, तुमची बदली येरमाळ्याच्या गोदामावर झाली. निविदा किती लवकर संपली, किती जणांनी दर भरले, फेरनिविदा किती वेळा काढावी लागली, एवढंच ते मोजतात. त्यात धाराशिव तळाला आलं. ऑडिटचा एकही आक्षेप नाही, याला त्यांच्या तक्त्यात जागाच नाही.

माझ्याकडं पदभार तात्पुरता आहे. आपले जिल्हा व्यवस्थापक अमरसिंह साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर कायम करू." मला तुमची मदत लागणार आहे. रागावला नाहीत ना?

राजनंदिनीवहिनींना नमस्कार सांगा.

अर्पिता


येरमाळा
११ ऑगस्ट

अर्पिता,

पत्र मिळालं. रागावण्याचा प्रश्न येत नाही. बदली हा प्रशासनाचा अधिकार आहे, आणि माझ्या जागी कोणीतरी येणारच होतं. ते घरातलंच आलं याचा आनंद आहे. (हे वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. खोटं नाही. पूर्ण खरं आहे का, ते तपासतो आहे.)

इथं बरं चाललं आहे. हमरस्त्यालगत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. दिवसभर एसट्या आणि मालट्रक जातात, भांडी हलतात. गोदामावर धुळाप्पा नावाचा राखणदार आहे. पहिल्या दिवशी मी साठ्याच्या नोंदी मागितल्या तर म्हणाला, "सायेब, तुमी कंप्युटरचं मानूस. हितं काय, पोती आन् उंदरं. पोत्यांवर सह्या करा, वाटलं तर उंदरांवर बी करा." मला हसू आलं नाही, तेव्हा तोच दोघांच्या वाटणीचं हसला.

मदत जरूर करीन. संगणकात 'साचे' म्हणून एक फोल्डर आहे, त्यात माझ्या सगळ्या जुन्या निविदांचे मसुदे आहेत. वापर. पण प्रत्येक रकाना नव्यानं वाचल्याशिवाय वापरू नकोस.

फोनचं म्हणशील, तर निविदा चालू असताना तिच्याविषयी तोंडी बोलायचं नाही हा माझा जुना नियम आहे, तुला माहीत आहे. म्हणून पत्रच बरं. ही पत्रं खासगी आहेत, तेव्हा गोदामाची गाडी रोज टपाल घेऊन धाराशिवला येत असली तरी तिच्यात मी ती घालणार नाही. तिकीट लावून पोस्टात टाकीन. उशीर झाला तरी स्वच्छ.

तुझा,
कृष्णराज


धाराशिव
१५ सप्टेंबर

दादा,

आनंदाची गोष्ट आहे, आणि ती पहिल्यांदा तुम्हालाच कळवते आहे. वजनकाट्यांच्या निविदेला नऊ जणांनी दर भरले! नऊ! आपल्याकडं तीन झाले तरी पेढे वाटायची वेळ यायची. आणि अडतीस दिवसांत पुरवठ्याचा आदेश निघाला.

काय केलं ते सांगते. निविदा प्रसिद्ध करायच्या आधी पुरवठादारांची बैठक घेतली. कोल्हापूर, इंदूर, राजकोट, सगळ्यांना संगणकावरच बोलावलं. म्हटलं, आमच्या अटींत तुम्हाला काय खुपतं ते आत्ता बोला. एक जण म्हणाला, "म्याडम, तुमच्या जिल्ह्यात तीन वर्षांचा अनुभव मागताय. मग नवा माणूस अनुभव आणणार कुठनं, आईच्या पोटातनं?" ती अट मी काढली.

मुख्यालयाच्या तक्त्यात धाराशिव एकदम सहाव्या नंबरवर आलं. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "हे आधी का होत नव्हतं?" मी लगेच सांगितलं की साचे सगळे दादांचेच आहेत, मी फक्त दार उघडं ठेवलं. पुढच्या महिन्यात संभाजीनगरला इतर जिल्ह्यांसमोर मला हे सगळं मांडायला सांगितलं आहे. भाषणाचं मला भ्या वाटतं. तुम्ही असतात तर तुम्हीच केलं असतंत.

अर्पिता


येरमाळा
२४ सप्टेंबर

अर्पिता,

अभिनंदन.

तुझं पत्र राजनंदिनीनं मोठ्यानं वाचलं. मी ऐकत होतो. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, बहिणीचं कौतुक ऐकताना कारलं चावल्यागत तोंड का करताय?" मी म्हटलं, दाढ दुखते आहे. ती म्हणाली, "दाढ उजवीकडची दुखायची. आज डावीकडं गेली व्हय?"

तुझ्या यशाबद्दल दोन गोष्टी लिहिणं कर्तव्य समजतो. अनुभवाची अट मी उगीच घातलेली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका नव्या पुरवठादारानं अर्धे काटे दिले आणि पळून गेला. तेव्हा तू खात्यात नव्हतीस. दुसरी गोष्ट, नऊ जण येणं ही संख्या आहे, गुणवत्ता नाही. हे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. तरी लिहून झाल्यावर वाटलं, एखाद्यानं गोड जेवण वाढावं आणि आपण ताटातला खडा शोधत बसावं, तसं मी करतो आहे का? मुद्दा बरोबर असला म्हणजे तो काढणाऱ्याचा हेतूही बरोबर असतोच असं नाही. पण चुकीचाच असतो, असंही नाही. या प्रश्नाशी मी थांबलो.

आणि 'मी फक्त दार उघडं ठेवलं' हे तुझं वाक्य साहेबांना आवडलं असेल. म्हणजे अकरा वर्षं मी ते बंद ठेवलं होतं, असा त्याचा अर्थ होतो. तुझ्या मनात तसं नसणार.

रोज पोर्टल उघडून धाराशिवच्या निविदा पाहतो. शिकण्यासाठी.

कृष्णराज


धाराशिव
६ ऑक्टोबर

दादा,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. दाराचं ते वाक्य मी मूर्खासारखं बोलले. साहेबांना भेटून पुन्हा नीट सांगेन.

आता कामाचं. सोयाबीनची हमीभावाची खरेदी नोव्हेंबरात सुरू होईल. पाच गोदामांच्या पटांगणात थप्प्या लागणार, आणि जुन्या ताडपत्र्यांची चाळण झाली आहे. यंदा पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. तेव्हा ताडपत्रीची निविदा दिवाळीच्या आत काढायची आहे. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "ही एक पार पाडा, कायमचा आदेश काढतो. फसली तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल." दुसरा माणूस म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं तुम्हीच.

घरची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. कायम झाले नाही तर मला मूळ जागी, लातूरला परत जावं लागेल, आणि आईचे उपचार इथल्या दवाखान्यात चालू आहेत, ते सोडून तिला हलवता येत नाही. म्हणून ही निविदा बिनचूक जायला हवी. मसुदा तयार आहे. तुमच्याइतकी बारीक नजर आपल्या महामंडळात कुणाची नाही. एकदा डोळ्याखालून घालाल का? गाडीबरोबर पाठवते.

अर्पिता


येरमाळा
१० ऑक्टोबर

अर्पिता,

मसुदा पाठवू नकोस. ताडपत्र्या येरमाळ्याच्या गोदामालाही येणार आहेत. ज्याला माल मिळणार त्यानं निविदेचा मसुदा आधी पाहणं माझ्या मते योग्य नाही. नियमात असं कुठं लिहिलेलं नाही हे मान्य. पण जिथं नियम गप्प असतो तिथं माणसानं स्वतःला विचारावं. मी विचारलं आणि उत्तर 'नको' असं आलं.

मावशीच्या तब्येतीची काळजी वाटते. डॉक्टरांचं ऐका.

कृष्णराज


धाराशिव
१४ ऑक्टोबर

दादा,

बरं. तुमचं बरोबरच असेल.

निविदा काल प्रसिद्ध केली. दर भरायची मुदत सोमवारी, २७ तारखेला दुपारी तीनपर्यंत. चूक सापडली तर तोवर शुद्धिपत्रक काढता येतं, म्हणून थोडा धीर आहे.

भाऊबीजेला या. वहिनींनाही आणा. आई सारखी विचारते, "किष्णा कधी येतोय?"

अर्पिता


येरमाळा
१९ ऑक्टोबर

अर्पिता,

दिवाळीच्या शुभेच्छा. इथं काल धनत्रयोदशीला बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. येडेश्वरीच्या दर्शनाला आलेली माणसं, झेंडूचे ढीग, आणि रस्त्याकडेला आकाशकंदील. राजनंदिनीनं चकल्या केल्या. त्या मऊ पडल्या, आणि त्याचं खापर माझ्या गप्प बसण्यावर फुटलं. "घरात कुणी बोलत नसलं की पीठ बी मरतं," म्हणाली. धुळाप्पाला डबा दिला तर तो म्हणाला, "वैनीसायेब, लई झ्याक. दात नसलेल्याला असंच लागतंय."

मावशीसाठी वेखंड आणि सुंठ घेऊन ठेवली आहे. येताना आणतो. तिला थंडीत त्रास होतो, तेव्हा रात्री खिडकी लावत जा.

तुझ्या निविदेचे सगळे कागद पोर्टलवर वाचले. अटी सुटसुटीत आहेत. बैठकीत आलेल्या शंकांची उत्तरं जोडली आहेस, हे चांगलं. एक नोंद घ्यावीशी वाटते. मूळ सूचनेत 'दर प्रति नग' म्हटलं आहे, पण दर भरायच्या तक्त्यात एकक 'चौरस मीटर' आहे. तो तक्ता माझ्या जुन्या, फरशीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या निविदेचा दिसतो, तेव्हा आपण ते मापावर घेतलं होतं. योग्य वाटल्यास पाहावे.

इकडं रात्री गारठा पडू लागला आहे. गोदामात उंदरांचा उपद्रव वाढला आहे. भाऊबीजेला भेटूच.

कृष्णराज


धाराशिव
३० ऑक्टोबर

दादा,

तुमचं १९ तारखेचं पत्र मला २८ ला मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी दर उघडले होते.

अकरा जणांनी भाग घेतला होता. पाच जणांनी एका ताडपत्रीचा दर भरला, सहा जणांनी चौरस मीटरचा. संगणकाला काय कळतं? कुणी साडेचार हजार, कुणी दोनशे दहा, त्यानं आपले सगळ्यांत कमी आकडे वर आणून ठेवले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पुरवठादारांचे फोनवर फोन. राजकोटचा तो माणूस म्हणाला, "म्याडम, आम्ही वीस पानं वाचली, तुम्ही एक रकाना नाही वाचला?" निविदा रद्द झाली. मुख्यालयाला फेरनिविदा कळवावी लागली. साहेबांनी नुसती फाइल माझ्याकडं ढकलली.

चूक माझी आहे. तुम्ही सांगितलं होतं, रकाना नव्यानं वाच. मी वाचला नाही. यात मला काहीच म्हणायचं नाही.

पण दादा, २३ तारखेला तुम्ही आमच्या घरी होतात.

पाटावर माझ्यासमोर बसला होतात. मी कुंकू लावलं, ओवाळलं. तुम्ही मला साडी दिलीत. आईशेजारी बसून वेखंड कसं उगाळायचं ते समजावलंत. दोन पुरणपोळ्या खाल्ल्यात, वर म्हणालात, "तूप जरा जास्त झालं." मी विचारलं, "निविदा पाहिली का?" तुम्ही म्हणालात, "पाहिली. पत्र टाकलंय." मी म्हटलं, "काही चूक?" तुम्ही म्हणालात, "पत्रात आहे सगळं." मला वाटलं नेहमीच्या बारीकसारीक सूचना असतील. सणाच्या दिवशी तुम्हाला कामात ओढू नये म्हणून मी गप्प बसले. तेव्हा हातात चार दिवस होते. त्याच रात्री मी शुद्धिपत्रक चढवलं असतं. माझा लॅपटॉप तुमच्या पाटापासून हातभर अंतरावर होता.

एकच विचारते. ओवाळताना तुमच्या मनात काय चाललं होतं?

अर्पिता


येरमाळा
४ नोव्हेंबर

अर्पिता,

मी मुदतीच्या आत लेखी कळवलं होतं. पोस्टाला सुट्ट्या लागल्या, यात माझा इलाज नव्हता. चालू निविदेविषयी तोंडी बोलायचं नाही हा नियम तुझ्यासाठी केलेला नाही, तो जुना आहे. तुझ्या प्रश्नातला रोख मला समजला, पण तो अन्यायाचा आहे.

कृष्णराज


येरमाळा
१४ नोव्हेंबर

अर्पिता,

मागचं पत्र टाकून आलो आणि रस्त्यावरच लक्षात आलं की त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि पत्र मात्र सगळं खोटं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तू ओवाळत होतीस तेव्हा मी मनात म्हणत होतो, मी कळवलं आहे, मी कळवलं आहे. मग तू विचारलंस, "काही चूक?" आणि मी म्हटलं, पत्रात आहे सगळं. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला नाव देतो. मला तुझा हेवा वाटत होता. तू मला साधं विचारलंस, आणि मला वाटलं, आता कळेल हिला की रकाना वाचणं म्हणजे काय. नऊ-नऊ, अकरा-अकरा माणसं जमवणं निराळं. तूप जास्त झाल्याचं बोललो ते काहीतरी बोलायचं म्हणून.

खासगी टपाल गाडीत न घालण्याच्या नियमाचं म्हणशील, तर तुला ते पत्र पोस्टात टाकलं त्याच सोमवारी मी धुळाप्पाच्या मुलीच्या अर्जाचा खासगी लिफाफा गोदामाच्या गाडीतूनच धाराशिवला पाठवला होता. म्हणजे माझा नियम कुणासाठी वाकतो आणि कुणासाठी नाही, हे मला आधीच माहीत होतं.

परवा साहेबांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, "तुम्ही जुने जाणकार. ही निविदा का फसली, एक अहवाल द्या. फेरनिविदा अर्पिताबाईंनीच काढलीय, बघू किती येतात. नाही जमलं तर तुम्ही तयार राहा." तयार राहा! अर्पिता, मी चार महिने हेच दोन शब्द ऐकायला आसुसलो होतो.

मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं की चूक मला १९ तारखेला दिसली, २३ ला निविदा अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट झाली, त्यांनी विचारूनही मी सांगितलं नाही. साहेबांनी चष्मा काढून वाचलं आणि हसायलाच लागले. "अहो कृष्णराज, हे काय रामायण? मुदतीच्या आधीचं तुमचं पत्र आहे की. कागदावर तुम्ही साफ आहात. बहिणीला फराळाच्या ताटावर काय सांगितलं नाही, ते महामंडळ विचारत नाही. हे पान काढा." मी म्हटलं, काढणार नाही. ते म्हणाले, "मग मी काढतो," आणि काढलं.

मला तुझी माफी नको. तुला खरं कळावं एवढंच.

कृष्णराज


धाराशिव
१९ नोव्हेंबर

दादा,

पत्र वाचलं. आईनं विचारलं, किष्णाचं पत्र का गं? मी म्हटलं, हो, उंदीर वाढलेत म्हणतात.

स्पष्ट लिहिते, कारण आता आपल्यात तेवढंच उरलं आहे. तुम्ही अहवालात सगळं लिहून टाकलंत. छान. मग साहेबांपुढं ताठ उभे राहिलात, "काढणार नाही." तेही छान. पण वाचताना मला काय वाटलं सांगू? कामात मी पुढं गेले, तर आता खरेपणात तुम्हाला पहिला नंबर पाहिजे. तुमची चूकसुद्धा माझ्या चुकीपेक्षा उंच असली पाहिजे. माझी काय, एक रकाना वाचायचा राहिला. तुमची बघा, केवढी मोठी, केवढी खोल! त्या पत्रातही मी कुठं आहे? मी नुसती ओवाळते आहे.

मला वाईट वाटतंय ते निविदेचं नाही. मला वाटायचं, माझं काही चांगलं झालं की येरमाळ्याला एक माणूस मनापासून हसत असेल. दर वेळी पहिलं पत्र तिकडंच टाकत होते. आता मागची सगळी पत्रं आठवून बघते, कुठल्या ओळीला तुम्हाला काय टोचलं असेल ते शोधत बसते. हे तुम्ही माझ्याकडून नेलंत.

असो. काम आहे. फेरनिविदेची मुदत २५ ला संपते, २६ ला सकाळी अकराला दर उघडायचे. दर दोघांच्या डोंगलशिवाय उघडत नाहीत. माझ्याबरोबर हिशेब अधिकारी असायचे, ते आजारी रजेवर गेलेत. पोर्टलवर दुसरं नाव अजून तुमचंच आहे, बदलायला मुख्यालय पंधरवडा घेईल. तुम्ही आला नाहीत तर उघडणं लांबेल, गुण जातील, आणि खुर्ची तुमच्याकडं येईल. आलात तर कदाचित माझ्याकडं राहील. तुमचं तुम्ही ठरवा. मी विनंती करत नाही, कार्यालयाचं पत्र गाडीबरोबर वेगळं येईल.

परवा तिकडं पाऊस झाला म्हणे. थप्प्या झाकल्या का?

अर्पिता


येरमाळा
९ डिसेंबर

अर्पिता,

तुझा कायमचा आदेश निघाल्याचं काल साहेबांकडून कळलं. अभिनंदन. हा शब्द मी सकाळी लिहिला आणि पुढचं वाक्य आता संध्याकाळी लिहितो आहे. मधल्या वेळात काय चाललं होतं ते तुला सांगायला नको.

थप्प्यांचं विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहून गेलं. त्या पावसात वरची पोती भिजली. धुळाप्पा आणि मी फाटक्या ताडपत्र्या एकावर एक टाकत होतो. तो ओरडला, "सायेब, भोकावर भोक नगा ठिवू, भोकावर कापड ठिवा!" नव्या ताडपत्र्या परवा आल्या. चांगल्या आहेत. प्रत्येक मोजून घेतली.

२६ तारखेचं बोलायचं राहिलं आहे. तू त्या दिवशी कामापुरतं बोललीस, मीही. पडद्यावर चौदा नावं आली तेव्हा तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. बरं केलंस. चौदा आकडा वाचून मला तेच वाटलं जे नऊच्या वेळी वाटलं होतं, अकराच्या वेळी वाटलं होतं. मला वाटलं होतं, कबुली दिल्यावर ते निघून जाईल. गेलं नाही. तू लिहिलंस ते खरं होतं. मी कबुलीही पदक मिळवावं तशी दिली.

तू तुझा पिन टाकलास. मग मी डोंगल लावलं आणि माझा टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. पडद्यावर सूचना आली की आता एकच संधी आहे, नंतर डोंगल बंद होईल. तू ती वाचलीस. मला वाटलं, ओरडशील, हात धरशील, निदान म्हणशील की दादा, नीट बघा. तू उठलीस आणि म्हणालीस, "चहा सांगून येते," आणि दार ओढून घेतलंस.

खोलीत मी आणि ती चौदा नावं. मला माझा पिन पाठ आहे. अकरा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. तिसरा चुकला असता तर कुणी काही म्हणू शकलं नसतं. माणूस चार महिने पोत्यांत आहे, विसरला, झालं. कागदावर मी पुन्हा साफ राहिलो असतो.

तू परत आलीस तेव्हा दर उघडलेले होते. तू "झालं?" एवढंच म्हणालीस आणि माझ्यापुढं कप ठेवलास. साखर जास्त होती. मी काही बोललो नाही.

पहिल्या दोन वेळा बोटं चुकली की मन, हे मी रोज स्वतःला विचारतो आणि मला खरंच सांगता येत नाही. तिसऱ्यांदा बरोबर पडला, तो मात्र मी मुद्दाम टाकला.

कृष्णराज